आर्काइव्ह आणि बायो-आर्काइव्ह: बुरशीवाल्यांनी कुठे जावं, हायर कॅटेगरीवाल्यांनी कुठे

प्रीप्रिंट सर्व्हर, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीच संशोधनलेख सगळ्यांसाठी ठेवायचं संकेतस्थळ, कसा आहे असं विचारलं की बहुतेक जण वेगाबद्दल बोलतात. किती तासांत लेख दिसू लागला, किती जणांनी उघडला. पण लेख चढवणं आर्काइव्हवरही (arXiv) सोपं आहे आणि बायो-आर्काइव्हवरही (bioRxiv), दोन्हीकडे पैसे पडत नाहीत, आणि वाचणाऱ्यालाही काही द्यावं लागत नाही. खरा फरक नंतर कळतो. सहा महिन्यांनी चूक सापडली तर ती दुरुस्त करता येते का? जुना लेख वाचणाऱ्याला दुरुस्ती दिसते का? आणि एकदा लिहिलेलं काय मागे घेताच येत नाही? या तीन प्रश्नांवर आम्ही दोन्ही सेवा तपासल्या, आणि त्याही अगदी दोन टोकांच्या वापरासाठी: एकीकडे वनस्पती आणि बुरशी यांवरचं संशोधन, दुसरीकडे हायर कॅटेगरी थिअरी, म्हणजे गणिती रचना, त्यांना जोडणारे बाण आणि त्या बाणांमधलेही बाण यांचा अभ्यास करणारी गणिताची शाखा. पहिल्या कामाचा सगळा भार नमुन्यांवर आणि मोजमापांवर, दुसऱ्याचा सगळा सिद्धतेवर.

आमचं मत आधीच सांगतो. कॅटेगरी थिअरीसाठी आर्काइव्हला पर्याय नाही. तिथे ते जर्नलच्या आधीचं ठिकाण राहिलेलं नसून त्या विषयाचं मुख्य वाचनालयच झालं आहे. बुरशी आणि वनस्पतींसाठी बायो-आर्काइव्ह उत्तम, एक गोष्ट सोडून: नव्या प्रजातीचं नाव. ते तिथे टाकू नये. या एका मुद्द्यावर खाली बरंच लिहिलं आहे, कारण नेमकी इथेच सगळ्यात महागडी चूक होते.

आर्काइव्ह पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉसला सुरू केलं, आणि २००१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठात गेलं. सुरुवात भौतिकशास्त्रापासून झाली, गणित मागून आलं. कॅटेगरी थिअरीचा विभाग 'मॅथ.सीटी'. रोजची यादी आटोपशीर असते, सकाळच्या चहाबरोबर शीर्षकं आणि सारांश वाचून होतात.

वेळेचं गणित भारतातून पाहिलं तर असं आहे. लेख देण्याची रोजची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी दोनची. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपल्याकडे रात्री साडेअकरा, आणि हिवाळ्यात रात्री साडेबारा. यादी त्यांच्या रात्री आठला निघते, आपल्याकडे पहाटे साडेपाच किंवा साडेसहा. उन्हाळ्याच्या वेळेनुसार गुरुवारी रात्री साडेअकरानंतर आणि शुक्रवारी साडेअकराच्या आत दिलेला लेख सोमवारी सकाळी दिसतो. शुक्रवारची मुदत चुकली तर सोमवार रात्रीपर्यंतचे सगळे लेख मंगळवारी सकाळी एकत्र येतात, आणि ती यादी लांब असते. यादीतला क्रम लेख कोणी आधी दिला यावर असतो, त्यामुळे मुदत संपल्यावर पहिल्याच मिनिटात लेख देण्याची काही जणांची धडपड चालते. मॅथ.सीटीसारख्या लहान विभागात त्या धडपडीने काही साधत नाही. तिथे वाचणारे यादी शेवटपर्यंत वाचतात.

पहिल्यांदा लेख देणाऱ्याला शिफारस लागते, म्हणजे त्या विभागात आधी लिहिलेल्या कोणीतरी तुमच्यासाठी हमी द्यायची. ही पद्धत २००४ पासून आहे. संस्थेचा ईमेल आहे म्हणून काम होईल असं धरून चालू नका. महिनाभर आधी खातं उघडा, विभाग निवडा, शिफारशीची मागणी येते का ते बघा. ज्यांचे लेख तुमच्या संदर्भांत आहेत त्यांनाच विचारावं, आणि विचारताना मसुद्याची पीडीएफ जोडावी. अनोळखी माणसाला नुसता शिफारस-कोड पाठवला तर उत्तर येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता फाइली. लेख लाटेकमध्ये, म्हणजे गणिती मजकूर आज्ञा लिहून मांडायच्या प्रणालीत, केला असेल तर आर्काइव्ह मूळ स्रोत मागतं. त्यापासून बनवलेली नुसती पीडीएफ दिली तर ते ओळखतं आणि परत पाठवतं. अडचणी बहुतेक वेळा त्याच त्या येतात. फाइलच्या नावात मोकळी जागा असते. 'Fig' आणि 'fig' यांतल्या लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ असतो, तो स्वतःच्या विंडोजवर खपतो पण तिथे खपत नाही. पीडीएफलाटेकने (थेट पीडीएफ बनवणाऱ्या लाटेकने) केलेल्या लेखात ईपीएस या जुन्या प्रकारातली आकृती राहून जाते. त्यात पीडीएफ, पीएनजी किंवा जेपीजीच चालतं. संदर्भसूचीची तयार बीबीएल फाइल सोबत द्यावी आणि तिचं नाव मुख्य फाइलच्या नावासारखंच ठेवावं. संदर्भांसाठी बिबलाटेक हे पॅकेज वापरत असाल तर तुमच्या संगणकावरची आणि त्यांच्याकडची आवृत्ती वेगळी असली की तीच बीबीएल फाइल चालत नाही. मग त्यांच्या टेक लाइव्ह या लाटेक-संचाच्या आवृत्तीवर ती पुन्हा बनवावी लागते. सारांशाला १,९२० अक्षरांची मर्यादा आहे, आणि त्यात तुम्ही स्वतः घडवलेले मॅक्रो (आज्ञांची लघुरूपं) चालत नाहीत. शीर्षकातही नाहीत.

एक गोष्ट मात्र कितीही वेळा सांगितली तरी लोक विसरतात. स्रोत सगळ्यांना उतरवून घेता येतो. म्हणजे टक्क्याच्या चिन्हामागे लिहिलेल्या, पीडीएफमध्ये न दिसणाऱ्या टिपणी, "हे प्रमेय खरं आहे का?" अशी सहलेखकाला विचारलेली शंका, गाळून टाकलेला आख्खा विभाग, सगळं. लेख देण्याआधी टिपणी काढून टाकणारं एखादं साधन चालवा, आणि मग उरलेली फाइल डोळ्यांनी एकदा वाचा.

कॅटेगरी थिअरीच्या आकृत्या टिक्झ-सीडी या लाटेकच्या आकृती-पॅकेजात असल्या तर अडचण येत नाही. क्विव्हर या संकेतस्थळावर आकृती काढून तिचा कोड उचलणारे बरेच आहेत. वळणदार किंवा काही प्रकारच्या दुहेरी बाणांसाठी त्याची स्वतःची शैलीची फाइल लागते, ती लेखाच्या फाइलींत जोडायला विसरू नका. नाहीतर घरी व्यवस्थित उमटलेली आकृती तिथे त्रुटी देते. डिसेंबर २०२३ पासून आर्काइव्ह पीडीएफबरोबर एचटीएमएलही बनवून देतं. मोबाइलवर वाचायला आणि दृष्टिहीन वाचकांच्या वाचन-साधनांना ते फार मोलाचं आहे. पण एक्सवाय-पिक या जुन्या पॅकेजातल्या आकृत्या त्यात बऱ्याचदा मोडतात, आणि जिथे अख्खी सिद्धता एका आकृतीच्या क्रमनिरपेक्षतेवर (बाणांच्या कुठल्याही वाटेने गेलं तरी निकाल तोच, यावर) उभी असते तिथे आकृती मोडणं म्हणजे वाक्यातलं क्रियापद गळण्यासारखंच. एचटीएमएल उघडून प्रत्येक आकृती तपासा. त्यासाठी एक्सवाय-पिक सोडून टिक्झ-सीडीत यावं लागलं तरी ते करण्यासारखं आहे.

विषयसंकेताची जागा रिकामी सोडू नका. २०२० च्या गणित-वर्गीकरणात उच्च कॅटेगरींना १८एन हा स्वतंत्र गट आहे: १८एन१० मध्ये २-कॅटेगरी, बायकॅटेगरी आणि डबल कॅटेगरी, १८एन६० मध्ये (∞,१)-कॅटेगरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सारांशातच सांगा की तुमची '२-कॅटेगरी' कडक (नियम तंतोतंत पाळणारी) आहे की सैल (नियम समतुल्यतेपुरतेच पाळणारी), आणि '∞-कॅटेगरी' म्हणजे क्वासी-कॅटेगरी, कंप्लीट सीगल स्पेस की कुठल्याच प्रतिमानावर न अवलंबणारी मांडणी. हे शब्द घराघरात वेगळ्या अर्थाने वापरले जातात. एका वाक्यात हे सांगितलं तर वाचणाऱ्याचे दोन दिवस वाचतात.

दुरुस्तीच्या बाबतीत आर्काइव्हचं वागणं अर्ध चांगलं आणि अर्ध वाईट आहे. चांगलं असं की प्रत्येक आवृत्ती राहते. पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या कायमच्या. लेख मागे घेतला तरी 'मागे घेतला' असं सांगणारी नवी आवृत्ती येते आणि आधीच्या उघडता येतात. काहीच पुसलं जात नसल्याने कोणी कधी काय म्हटलं होतं यावर वाद राहत नाही. म्हणूनच संदर्भ देताना आवृत्ती लिहायची: 'तिसरी आवृत्ती, प्रमेय ४.२'. प्रमेयांचे क्रमांक आवृत्तीगणिक सरकतात, आणि नुसतं 'प्रमेय ४.२' लिहिलं तर दोन वर्षांनी ते भलत्याच प्रमेयाकडे बोट दाखवतं. करोडॉन या लुरी यांच्या ऑनलाइन ग्रंथाने आणि त्याआधी स्टॅक्स प्रोजेक्टने यावर कायमस्वरूपी टॅगचा तोडगा काढला आहे. मजकूर कितीही हलला तरी विधानाचा टॅग बदलत नाही. आर्काइव्हवर तशी सोय नाही. निदान नवी आवृत्ती देताना 'कॉमेंट्स'च्या रकान्यात नेमकं लिहा: "उपप्रमेय ३.७ ची सिद्धता बदलली, विधान तेच." नुसतं "किरकोळ दुरुस्त्या" लिहून मुख्य प्रमेयाची अट वाढवणं हे वाचकाशी अप्रामाणिक वागणं आहे.

वाईट बाजूचं उदाहरण याच विषयातलं आहे, आणि ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. १९९१ मध्ये काप्रानोव्ह आणि व्होएव्होद्स्की यांनी एका लेखात दावा केला की सगळे होमोटॉपी टाइप (ताणून-वाकवूनही न बदलणारं अवकाशाचं रूप) कडक ∞-ग्रुपॉइडांनी (ज्यांतला प्रत्येक बाण उलटवता येतो अशा ∞-कॅटेगरींनी) पकडता येतात. १९९८ मध्ये कार्लोस सिम्पसन यांनी आर्काइव्हवर एक लेख टाकला, क्रमांक मॅथ/९८१००५९. कडक ३-ग्रुपॉइडांनी द्विमितीय गोलाचा ३-टाइप (तिसऱ्या पातळीपर्यंतचं रूप) मिळूच शकत नाही, असं त्यात दाखवलं होतं. कारण समजायला अवघड नाही. कडक रचनेत अदलाबदलीचा नियम तंतोतंत लागू होतो, त्यामुळे दुसऱ्या पातळीवरच्या दोन गोष्टी एकमेकींभोवती फिरवताना जी गुंतागुंत उरायला हवी ती शून्य होते. गोलात मात्र ती शून्य नसते. सिम्पसन यांनी आधीच्या सिद्धतेतली चुकीची ओळ दाखवली नव्हती, फक्त निष्कर्ष खोटा ठरतो हे दाखवलं होतं. त्यामुळे कोण बरोबर हा प्रश्न लोंबकळत राहिला. आपल्या लेखात चूक आहे हे व्होएव्होद्स्कींना स्वतःला पटलं ते २०१३ च्या शरदात, आणि हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. संगणकाने तपासता येतील अशा सिद्धतांकडे ते त्याआधीच वळले होते, आणि त्यामागे या वादासारखे अनुभव होते.

यात सर्व्हरचा संबंध असा. एखादा लेख दुसऱ्या लेखाला खोडून काढतो हे दाखवण्याची कुठलीही सोय आर्काइव्हवर नाही. मूळ लेखाच्या पानावर "याच्याविरुद्ध हे पाहा" असं कोणी लावू शकत नाही. वाचकांच्या प्रतिक्रिया नाहीत. नियंत्रक विषय जुळतो का आणि लेख शास्त्रीय वाटतो का एवढंच पाहतात, सिद्धता तपासत नाहीत. ही पोकळी एनलॅब हा विकी काही अंशी भरतो. तो २००८ च्या अखेरीस सुरू झाला, आणि कुठल्या विधानावर कोणती शंका आहे हे तिथल्या पानांवर नोंदलेलं सापडतं. पण तेही कोणीतरी मनावर घेतलं तरच.

बायो-आर्काइव्हने या बाबतीत अधिक विचार केलेला दिसतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने ते सुरू केलं, आणि मार्च २०२५ मध्ये ते ओपन-आर्काइव्ह या वेगळ्या ना-नफा संस्थेकडे गेलं. लेख देताना प्रकार निवडावा लागतो: नवे निष्कर्ष, दुजोरा देणारे निष्कर्ष, किंवा विरोधी निष्कर्ष. तिसरा प्रकार फार उपयोगाचा आहे. कोणीतरी एखाद्या अंतर्वासी (झाडाच्या आत राहणाऱ्या) बुरशीमुळे भाताची क्षारसहनशीलता वाढते असं लिहिलं, आणि तुमच्या मातीत, तुमच्या वाणावर तसं आढळलं नाही, तर तो निकाल कपाटात न राहता त्या शिक्क्यासह समोर येतो. पानाखाली प्रतिक्रियांची सोय आहे, बाहेरच्या परीक्षणांचे दुवे लागतात, आणि जर्नलमध्ये लेख आला की प्रीप्रिंटच्या पानावर तसा दुवा बहुधा आपोआप येतो.

लेख देणं सोपं आहे. वर्ड किंवा पीडीएफ, दोन्ही चालतं. आमचा सल्ला पीडीएफचा, आकृत्या मजकुरातच आणि ओळींना क्रमांक. वर्डमधून रूपांतर होताना गुणाकाराचं चिन्ह, अंशाचं चिन्ह आणि 'म्यू' हे अक्षर बदललेलं अनेकदा दिसतं, आणि बीजाणूंच्या मापात म्यू गेला तर माप निरर्थक होतं. अर्जात भरलेली लेखकांची नावं आणि क्रम पीडीएफशी जुळायला हवा. छाननीला साधारण दोन-तीन दिवस लागतात: उचलेगिरी, अशास्त्रीय मजकूर, आणि लोकांच्या आरोग्याला धोका होईल असं काही. निव्वळ आढावा घेणारे लेख घेत नाहीत. जर्नलने लेख स्वीकारण्याआधीच तो इथे यायला हवा, स्वीकृतीचं पत्र आल्यावर उशीर झालेला असतो. परवान्याचा रकाना घाईत भरू नका, एकदा दिलेला खुला परवाना परत घेता येत नाही. हे आर्काइव्हलाही लागू.

विभागांची यादी पाहून बुरशीवाले मात्र हिरमुसतात. वनस्पतीशास्त्राला विभाग आहे, बुरशीला नाही. बुरशीचे लेख सूक्ष्मजीवशास्त्र, परिसरशास्त्र, उत्क्रांती, जीनोमिक्स यांत विखुरतात. मायकोरायझावरचा, म्हणजे मुळं आणि बुरशी यांच्या सहजीवनावरचा लेख वनस्पतीशास्त्रात टाकला तर बुरशीतज्ज्ञांच्या नजरेतून सुटतो, सूक्ष्मजीवशास्त्रात टाकला तर जिवाणूंच्या गर्दीत बुडतो. याला सोपा उपाय आहे. शीर्षकात बुरशीचं प्रजातीनाव लिहा आणि सारांशाच्या पहिल्या दोन वाक्यांत गण किंवा कुल लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. "एका बुरशीचा वनस्पतीवर परिणाम" असलं शीर्षक कोणाच्याच शोधात येत नाही.

या विषयात वाचक पहिल्यांदा कुठे बोट ठेवतात हे आधीच ठाऊक असेल तर पहिली आवृत्तीच सुधारून देता येते. अंतर्वासी बुरशीच्या लेखात पहिला प्रश्न पृष्ठभाग निर्जंतुकीकरणाचा असतो. सत्तर टक्के अल्कोहोल किती वेळ, सोडियम हायपोक्लोराइट किती टक्के आणि किती मिनिटं, शेवटी निर्जंतुक पाण्याने किती वेळा धुतलं, हे लिहावंच. पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या धुण्याचं पाणी पीडीएवर (बुरशी वाढवायच्या बटाट्याच्या माध्यमावर) पसरून पाहिलं का, आणि त्यावर काही उगवलं का. हे वाक्य नसेल तर पानाच्या आत राहणारी बुरशी आणि पानावर बसलेली धूळ यांत फरक केला आहे याला पुरावा नाही. मायकोरायझाच्या टक्केवारीत मुळांचे किती तुकडे आणि किती छेदबिंदू मोजले तो आकडा हवा. "६० टक्के वसाहत" पन्नास बिंदूंवरची की दोनशे बिंदूंवरची, यावर तिचं वजन ठरतं.

ओळख पटवण्यात सगळ्यात जास्त घसरण होते. आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशींचा प्रमाणित बारकोड, म्हणजे ओळख पटवायचा अनुक्रम म्हणून २०१२ मध्ये सुचवला गेला आणि तो उपयोगी आहेच. पण जेनबँक या सार्वजनिक अनुक्रम-संचातल्या पहिल्या जुळणीचं नाव उचलून "९९ टक्के साम्य, म्हणून ही अमुक प्रजाती" असं लिहिणं म्हणजे दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेणं. तिथल्या कितीतरी नोंदी मुळातच चुकीच्या नावाखाली आहेत. युनाइट या निवडक संचाशी ताडून पाहा. फ्युजेरियम असेल तर आयटीएसवर थांबू नका, टीईएफ१ हे जनुक लागतं. अ‍ॅस्परजिलसला कॅल्मोड्युलिन, पेनिसिलियमला बीटा-ट्युब्युलिन. अर्बस्क्युलर मायकोरायझाच्या बुरशींत तर एकाच बीजाणूत आयटीएसच्या वेगवेगळ्या प्रती सापडतात, तेव्हा एका क्लोनच्या अनुक्रमावर काहीच ठरवता येत नाही. बायो-आर्काइव्ह यातलं काही तपासत नाही. अनुक्रम जमा केला का, हेही नाही. लेखात क्रमांक लिहिला आणि नोंद अजून बंदच आहे, असं झालं तर वाचणाऱ्याला पडताळायला हाती काही लागत नाही. लेख चढवायच्या दिवशी नोंद खुली करा. पंक्तिबद्ध अनुक्रम आणि त्यांवरून काढलेल्या वंशवृक्षाची फाइल झेनोडो किंवा ड्रायड या डेटा-भांडारांवर ठेवा, आणि पुढच्या आवृत्तीत एखादा जनुक वाढवला तर तेही सांगा. या दुरुस्त्या करता येतात, त्यासाठीच आवृत्त्या आहेत.

नाव दुरुस्त करता येत नाही.

शैवाल, बुरशी आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार १ जानेवारी २०१२ पासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या ऑनलाइन पीडीएफमध्ये नवं नाव प्रसिद्ध करता येतं, आणि वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं. बुरशीसाठी १ जानेवारी २०१३ पासून आणखी एक अट आहे. मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एका मान्य नोंदणीतला क्रमांक मूळ लेखात छापलेला हवा. इथवर वाचून काहींना वाटतं की नोंदणी क्रमांक घेतला, पीडीएफ प्रीप्रिंट म्हणून टाकली, नाव आपलं झालं. तसं होत नाही. संहितेतच म्हटलं आहे की मजकूर प्राथमिक स्वरूपाचा असेल आणि त्याच्या जागी अंतिम मजकूर येणार असेल, तर ते प्रसिद्धीकरण धरलं जात नाही. प्रीप्रिंट म्हणजे नेमकं तेच. म्हणजे नाव जगभर दिसतं, बातमीत येतं, जेनबँकेत शिरतं, पण संहितेच्या लेखी ते नसतं. पुढे जर्नलमध्ये परीक्षकाच्या सांगण्यावरून नाव बदललं तर दोन नावं फिरू लागतात, त्यातलं एक अनाथ. त्याहून वाईट म्हणजे तुमचं नाव आणि तुमचं वर्णन वाचून दुसऱ्या कोणी स्वतःच्या नमुन्यावर आधी वैध नाव प्रसिद्ध केलं, तर अग्रक्रम त्याचा. प्रीप्रिंटवरची तारीख तिथे कामाला येत नाही.

म्हणून प्रीप्रिंटमध्ये नाव न देता प्रजाती दाखवायची: वंशाचं नाव, मग 'प्रजाती', आणि तुमच्या संवर्धनाचा (प्रयोगशाळेत वाढवलेल्या बुरशीचा) किंवा हर्बेरियमचा (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा) क्रमांक. वंशवृक्ष, मापं, छायाचित्रं सगळं द्या. नाव, निदान (प्रजातीला वेगळं ठरवणारी लक्षणं) आणि टाइपची (नाव ज्याच्याशी कायमचं बांधलं जातं त्या नमुन्याची) घोषणा मात्र जर्नलच्या लेखासाठी राखून ठेवा, आणि नोंदणी क्रमांक लेख स्वीकारला गेल्यावर घ्या. परीक्षणात नाव बदललं तर नोंद पुन्हा करण्याचा त्रास वाचतो.

सह्याद्रीतल्या बुरशींवर काम करणाऱ्यांना पुण्याची आघारकर संशोधन संस्था ठाऊक असतेच. राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह, म्हणजे एनएफसीसीआय, आणि अजरेकर कवक हर्बेरियम, म्हणजे एएमएच, ही दोन्ही तिथे आहेत. संवर्धन आणि वाळवलेला नमुना दोन्ही जमा करून क्रमांक प्रीप्रिंटच्या आधीच मिळवा, म्हणजे 'अमुक क्रमांकाची बुरशी' असा उल्लेख करता येतो आणि पुढे नाव आल्यावर दोन लेख त्याच धाग्याने जोडलेले राहतात. जिवंत वाढतं संवर्धन टाइप होऊ शकत नाही. गोठवून सुकवलेलं किंवा अतिशीत ठेवलेलं, म्हणजे चयापचय थांबलेलं असावं लागतं, आणि ते तसं कायम जतन केलं आहे हे लेखात शब्दांत लिहावं लागतं. हे एक वाक्य राहिल्याने नावं अवैध ठरतात. शिवाय जैवविविधता कायदा, २००२ च्या ३९ व्या कलमाप्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या भांडाराला कळवून तिथे नमुना जमा करणं बंधनकारक आहे. सर्व्हर कुठलाही असो, हे त्याच्याआधीचं काम.

आता मधले लोक. जीवशास्त्रात कॅटेगरी थिअरी आणण्याचा प्रयत्न रॉबर्ट रोझेन यांनी १९५८ मध्येच केला होता. तंतुमय सजीवांची वाढ पुनर्लेखनाच्या नियमांनी मांडणारे अरिस्टिड लिंडेनमायर १९६८ चे. अलीकडचं नमुनेदार काम म्हणजे जॉन बाएझ आणि नीना ऑटर यांचा ओपेरॅड (अनेक गोष्टी जोडून एक करणाऱ्या क्रियांची गणिती रचना) आणि जातिवृक्ष यांवरचा लेख, आर्काइव्ह १५१२.०३३३७. उत्क्रांतीचं झाड काढताना फांद्यांना लांबी असते आणि झाडं टोकाला टोक लावून जोडता येतात. ही जोडणीची रचना नेमकी कोणत्या ओपेरॅडची, याचं उत्तर त्यात आहे. असे लेख कुठे द्यावेत?

लेखाचा गाभा प्रमेय असेल तर आर्काइव्ह, मुख्य विभाग मॅथ.सीटी, आणि जोडविभाग क्यू-बायो.पीई (जीवसंख्या आणि उत्क्रांतीचा उपविभाग). पण आर्काइव्हच्या जीवशास्त्र विभागाबद्दल भ्रम ठेवू नका. त्यात दहा उपविभाग आहेत आणि वनस्पती किंवा बुरशी यांना एकही नाही. कवकजालाच्या जाळेरचनेवरचं प्रतिमान पेशींच्या, ऊतींच्या किंवा परिमाणात्मक पद्धतींच्या उपविभागात ढकलावं लागतं, आणि तिथे ते वाचणारा बहुधा भौतिकशास्त्रज्ञ असतो. फायसारमवरच्या प्रतिमानांना 'बुरशीचं जाळं' म्हणणारे लेख तिथे सहज निसटतात. फायसारम श्लेष्मकवक आहे, बुरशी नव्हे, आणि बुरशीतज्ज्ञाने ते पहिल्या ओळीत पकडलं असतं. लेखाचा गाभा मोजमाप असेल, तंतूंच्या फांद्यांचे कोन, शाखांमधली अंतरं, दर तासाची वाढ, आणि गणित त्या मापांची मांडणी करण्यापुरतं असेल, तर बायो-आर्काइव्ह. तिथे ओपेरॅड हा शब्द आला की वाचक पान मिटतात, तेव्हा एका परिच्छेदात सोप्या उदाहरणाने व्याख्या द्या आणि सिद्धता पुरवणीत ठेवा.

दोन्हीकडे तोच लेख टाकू नका. दोन डीओआय (लेखाचे कायमचे ओळखक्रमांक) होतात, संदर्भ विभागले जातात, आणि एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे पोचत नाही. खरोखर दोन वाचकवर्ग असतील तर लेखच दोन करा: प्रमेयाचा आर्काइव्हवर, मापांचा बायो-आर्काइव्हवर, आणि प्रत्येकात दुसऱ्याचा आवृत्तीसह उल्लेख. मापांच्या लेखाची दुसरी आवृत्ती आली की प्रमेयाच्या लेखातलं उदाहरण अजून लागू पडतं का ते त्याच आठवड्यात तपासून पाहा, आणि बदल झाला असेल तर 'कॉमेंट्स'च्या रकान्यात तसं लिहा.